भाता ओढणारा

मला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.
बावीस वर्षं मी आल्डरफेनच्या देवळात
ऑर्गनच्या मागं उभा होतो,
जिथून वेदी दिसत नाही, पाद्री दिसत नाही,
दिसते फळी, फळीवर खिळ्यानं ओढलेल्या दोन रेघा,
आणि दोरीला टांगलेला शिशाचा एक गोळा.
गोळा खाली, वारा भरला.
गोळा वर, वारा सरला.
एवढंच माझं शास्त्र.

पुढच्या बाजूला गर्व्हेस पॉल्टन बोटं चालवायचा.
त्याच्या बोटांना वाटायचं, सूर आपले.
मी कधी बोललो नाही.
फक्त एका ईस्टरच्या पहाटे मुद्दाम
अर्धा दम उशिरा दिला,
तशी त्याची दहाही बोटं
कोरड्या विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखी खडखडली.
त्या संध्याकाळी त्यानं मला बिअर पाजली, न विचारता.

लॅटिनमधलं काही कळायचं नाही.
पण हालेलुयाच्या शेवटी एक आकार होता.
आधी पोरं त्याच्यावर चढायची,
धुक्यात बांधावरून चालावं तशी, पाऊल चाचपत,
मग ती थांबायची आणि तोच धागा ऑर्गन उचलायचा.
सात दाबांत तो संपायचा नाही.
आठव्याला खांद्यातून कळ निघायची,
आणि त्या कळेत मला वाटून जायचं
की वर जो कुणी बसलाय
त्याला निदान माझं नाव ठाऊक असेल.

मग लंडनहून कागद आला.
एका अक्षराला एक सूर, जास्त नको.
बोली आपली, लोकांना उमजेल अशी.
थर्स्टन बेलनं नळ्या तागडीत घालून विकल्या;
सर्वांत मोठी, जिच्यात पॉल्टनचा धाकटा लपून बसायचा,
ती वितळवायला तीन सरपणाचे भारे लागले.
गाण्याची पोथी चांभारानं नेली.
गावातले निम्मे लोक आता
चौकोनी सुरांवर पाय ठेवून चालतात,
आणि बूट गळत नाहीत, हे खरं आहे.

पॉल्टन नॉरिचकडे गेला. पुढचं माहीत नाही.

मी राग धरून बसलो होतो.
भिंतीला टेकून, हात काखेत घालून ऐकत होतो,
नव्या पाद्र्याचा आवाज तर शेळीसारखा.
तो वाचत गेला, आपल्याच बोलीत,
मासळीबाजारात बोलतो त्या बोलीत:
देवानं चिखल घेतला, माणूस केला,
आणि त्याच्या नाकात फुंकलं.

फुंकलं!

बावीस वर्षं मी तिथंच उभा होतो,
त्या वाक्यापासून चार हातांवर,
आणि कुणी मला सांगितलं नाही.
माझे हात काखेतून सुटले.
शेजारच्या म्हातारीला वाटलं, मला फेफरं आलं.
मी विचार करत होतो,
त्या दिवशी त्याचा भाता कोण ओढत होतं?
की त्यालाही मागं कुणी नव्हतं,
स्वतःच ओढायचा आणि स्वतःच वाजवायचा,
आणि म्हणून सातव्या दिवशी दमला?

हे विचारायला हवं होतं.
पण शेळीच्या आवाजाला काय विचारणार.
आणि ऑर्गन असता तर मी फळीमागं असतो,
हे ऐकूच आलं नसतं.
या गाठीपाशी मी दरवेळी अडकतो.

आता वामी धरतो.
जाळ्याच्या कडेला जी वजनं आहेत
ती त्या मोठ्या नळीच्या शिशाची;
बेलकडून मीच घेतली, घासाघीस करून.
पहाटे काळ्या पाण्यात जाळं सोडलं
की ती जातात खाली, गुमान,
आणि माझा उजवा खांदा
आपोआप मोजायला लागतो.
आठापर्यंत.

घरी इसोट विचारते, किती सापडल्या?
मी म्हणतो, तीन.
एक बारीक आहे.